सुट्या भागांची पाठचिकित्सा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रांच्या सुट्या भागांवर लेख लिहावा, हा कित्येकांना आपला प्रांत सोडून केलेला उपद्व्याप वाटेल. संपादकांना विषय सांगताना मीही जरा दबकतच सांगितला. परंतु गेल्या वर्षी वर्गात पाठचिकित्सा शिकत असताना मला सारखे माझ्या मामांच्या भोसरीच्या छोट्या कारखान्यातले लोखंडी कपाट आठवत होते. विचार करता करता असे वाटू लागले की, पोथ्यांचे संपादक आणि यंत्रांचे अभियंते हे दोघेही एकाच दुखण्याने बेजार झालेले लोक आहेत. दुखणे असे : वस्तूचे नाव एक, पण तिची रूपे अनेक. त्यांतले प्रमाण कोणते, आणि ते कोणी ठरवावयाचे?

आपल्या परंपरेला हे दुखणे नवे नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत लेखकूंच्या हातून इतके पाठभेद शिरले होते की, शके १५०६ मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली, आणि यापुढे कोणी तीत पदरची ओवी घालू नये असेही त्यांनी बजावून ठेवले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली ती १९१९ साली. ते काम १९६६ साली पुरे झाले. हजाराहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली. पण पोथीत एक सोय असते. चुकीचा पाठ वाचला म्हणून वाचणाऱ्याचा हात मोडत नाही.

कारखान्यात तसे नसते. मामांच्याकडे मोठ्या कारखान्यांसाठी बूश, पिना, स्पेसर असला किरकोळ माल तयार होतो. प्रत्येक मालाचे एक ड्रॉइंग असते. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत पार्ट नंबर असतो आणि त्याशेजारी एक अक्षर : ए, बी, सी. या अक्षराला रिव्हिजन म्हणतात. मूळ आराखड्यात बदल झाला की अक्षर पुढे सरकते. त्या लोखंडी कपाटात अशी शेकडो ड्रॉइंगे दुमडून ठेवलेली होती. काहींवर रद्द झाल्याचा लाल शिक्का, काहींवर तो मारावयाचा राहून गेलेला.

दोन वर्षांपूर्वी एका बड्या गिऱ्हाइकाने ४०० बूशांची ऑर्डर दिली. ऑर्डरीवर अक्षर होते बी. मधल्या काळात त्यांच्या डिझाइन विभागाने तेलाची खाच दोन मिलिमीटर सरकवली होती आणि अक्षर सी केले होते. पण खरेदी विभागापर्यंत ते पोहोचले नव्हते. माल तपासणाऱ्या विभागापर्यंत मात्र पोहोचले होते! सगळा लॉट लाल चिठ्ठ्या लावून परत आला. मामांच्या हातात ऑर्डर होती, चलन होते, सर्व काही होते. तीन महिने पत्रे लिहिल्यावर निम्मे पैसे मिळाले. बाकीचे बूश आजही पोत्यात पडून आहेत. एका अक्षराची किंमत किती असते, हे मी तेव्हा प्रथम पाहिले.

आता येथे एक प्रश्न कोणालाही सुचेल. बदल झाल्यावर केवळ अक्षर बदलावयाचे की पार्ट नंबरच नवा द्यावयाचा? यासाठी अभियंत्यांचा एक जुना नियम आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. जुना भाग आणि नवा भाग एकमेकांच्या जागी डोळे मिटून घालता येत असतील, म्हणजे आकार, बसणी आणि काम या तिन्ही बाबतींत फरक पडत नसेल, तर नंबर तोच ठेवून अक्षर बदलावे. यांपैकी एकातही फरक पडला तर नंबर नवा. बॉलपेनच्या रिफिलीवरचे छापील नाव बदलले तर ती तीच रिफिल. तिची लांबी बदलली तर ती दुसरी वस्तू, मग शाई तीच का असेना. नियम इतका सोपा आहे की तो मोडण्याचा मोह कोणाला का व्हावा, असे वाटते. पण नवा नंबर म्हणजे नवे कागद, नव्या चाचण्या, कोठारात नवा कप्पा आणि वरिष्ठांच्या नव्या सह्या. मोह होतो तो येथे.

या मोहाचे सर्वांत भयंकर उदाहरण अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीचे. तिच्या सॅटर्न आयन, शेव्हरोले कोबाल्ट इत्यादी मोटारींत किल्ली फिरवण्याचे जे स्विच होते ते फार हलके फिरे. ठरवून दिलेल्या मापापेक्षा त्याचा जोर कमी भरतो, हे ठाऊक असूनही २००२ साली ते मंजूर झाले. परिणाम असा की, गाडी धावत असताना गुडघ्याचा धक्का लागला किंवा जुडगा जड असला तरी किल्ली मागे सरके, इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि अपघात झाल्यास एअरबॅग उघडत नसे. २००५ साली कंपनीने विक्रेत्यांना एक सूचना धाडली : गिऱ्हाइकांना जुडग्यातल्या जड वस्तू काढून ठेवावयास सांगा!

पुढे एप्रिल २००६ मध्ये कंपनीच्या एका अभियंत्याने स्विचमधली बारकी दांडी लांब करण्यास आणि तिची स्प्रिंग बदलण्यास मंजुरी दिली. दुरुस्ती योग्य होती. नव्या स्विचात किल्ली घट्ट राहू लागली. फक्त पार्ट नंबर तोच ठेवला गेला.

वरवर पाहता येथे काय बिघडले? माल तर सुधारला! परंतु याचे परिणाम पाहा. कंपनीतलेच तपासनीस पुढे अपघातांचा अभ्यास करू लागले, तेव्हा २००७ पर्यंतच्या गाड्यांत एअरबॅग उघडत नाहीत आणि २००८ पासूनच्या गाड्यांत असे होत नाही, हे त्यांना दिसले. पण कारण सापडेना. कागदोपत्री स्विच एकच होते. नंबर एक म्हणजे वस्तू एक, असे धरून ते वर्षानुवर्षे अन्यत्र शोधत राहिले. मार्च २०१० मध्ये जॉर्जिया राज्यात एक तरुण परिचारिका आपल्या कोबाल्टमध्ये मरण पावली. तिच्या आईवडिलांच्या वकिलाने एक खाजगी अभियंता नेमला. त्याने अपघातातल्या गाडीचे स्विच आणि दुकानातून विकत आणलेले त्याच नंबराचे नवे स्विच शेजारी शेजारी ठेवले, क्ष-किरणांनी पाहिले, उघडून मोजले. दांडीची लांबी निराळी निघाली. दोन पोथ्या समोर ठेवून पाठभेद काढणाऱ्या संपादकाचीच ही रीत नव्हे काय?

त्यानंतर फेब्रुवारी २०१४ पासून गाड्या परत बोलावण्यात आल्या. त्यांची संख्या सुमारे २६ लाखांवर गेली. यातला एक तपशील मला विशेष वाटतो. २००८ ते २०११ या काळात तयार झालेल्या गाड्यांत मुळात चांगलेच स्विच होते. तरी त्या आठ लाखांहून अधिक गाड्याही बोलवाव्या लागल्या. कारण मधल्या काळात दुरुस्तीच्या वेळी दुकानातले जुने स्विच त्यांत बसवले गेले असण्याची शक्यता होती, आणि नंबर एकच असल्यामुळे कोणत्या गाडीत कोणते गेले हे सांगण्याचा उपाय नव्हता. जून २०१४ मध्ये अँटन व्हॅल्युकस यांचा चौकशी अहवाल आला आणि कंपनीने १५ जणांना कामावरून काढले. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले, आणि २०१५ साली सरकारशी झालेल्या तडजोडीत कंपनीने ९० कोटी डॉलर भरले.

असो. या गोंधळाला आवर घालण्यासाठी जी संगणकप्रणाली वापरतात तिच्याकडे आता वळतो. सीमेन्सची टीमसेंटर, पीटीसीची विंडचिल, दासो कंपनीची एनोव्हिया ही त्यांतली ठळक नावे. या प्रणालीचा पाया म्हणजे बिल ऑफ मटेरियल, कारखान्याच्या बोलीत ‘बॉम’. सायकलीच्या बॉममध्ये चाक, चाकाच्या बॉममध्ये रिम, आरे, हब. हबच्या पोटात बेअरिंग. ही झाली वरून खाली जाणारी वंशावळ. पण खरा उपयोग उलट्या वाचनाचा : हेच बेअरिंग आणखी कोणकोणत्या यंत्रांत आहे? कागदी कपाटाला हा प्रश्न विचारता येत नाही. संगणक एका क्षणात यादी काढतो. मग बदल सुचवणाऱ्याने अर्ज करावयाचा, तो ठरलेल्या माणसांकडे फिरतो, प्रत्येकाची सही तारखेनिशी नोंदली जाते, आणि मंजूर ड्रॉइंगला कुलूप लागते. त्यानंतर ते खुद्द काढणाऱ्यालाही खोडता येत नाही. नवे अक्षर घ्यावे लागते.

बदल केव्हापासून लागू, हेही लिहावे लागते : अमुक तारखेपासून किंवा अमुक क्रमांकाच्या गाडीपासून. आपल्याकडे १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज चारवरून पाचवा टप्पा गाळून एकदम सहावा टप्पा लागू झाला, तेव्हा देशभरच्या वाहन कारखान्यांपुढे अशी एकच तारीख उभी होती. आणि गंमत अशी की, जुनी ड्रॉइंगे त्या दिवशी फेकून देता येत नाहीत. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना सुटे भाग पुरवावयाचेच असतात.

या प्रणालीही एकमेकींशी जुळाव्या लागतात, नाहीतर काय होते ते एअरबसने ए-३८० या विमानाच्या वेळी पाहिले. हँबुर्गचे लोक कॅटिया या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते आणि तुलूझचे पाचवी. एकेका विमानातली तार सुमारे ५३० किलोमीटर. तिचे जुडगे जागेवर नेले तर पुरेनात. विमान जवळजवळ दोन वर्षे रखडले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सला पहिले मिळाले.

अलीकडच्या काळात या सॉफ्टवेअरमध्ये ज्या सुधारणा झाल्या त्यांपैकी तीनच सांगतो, कारण बाकीच्या बहुतेक पडद्यावरच्या सजावटीच्या आहेत. पहिली, शाखा काढून काम करण्याची. २०१५ साली लोकांपुढे आलेल्या ऑनशेप या प्रणालीत मूळ आराखड्याला धक्का न लावता त्याची एक शाखा काढता येते, तीवर हवे ते प्रयोग करता येतात आणि पटल्यास ती मुळात मिळवता येते. फायलीच्या प्रती निघत नाहीत म्हणून ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘खरोखर अंतिम’ असली नावेही उरत नाहीत. आपल्या प्रकल्पांच्या फायली ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना याचे मोल सांगावयास नको.

दुसरी सुधारणा फ्रीकॅड या विनामूल्य आरेखन सॉफ्टवेअरची. ते वीस वर्षांहून अधिक काळ घडत होते; त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाली. त्यातले जुने दुखणे चक्क नामकरणाचे होते. ठोकळ्याच्या प्रत्येक पृष्ठाला संगणक क्रमांक देतो, समजा सहावे पृष्ठ. त्या पृष्ठावर आपण भोक पाडले. मग आधीच्या एखाद्या पायरीत थोडा बदल केला की पृष्ठांची मोजणी पुन्हा होई, सहावे पृष्ठ भलतेच ठरे, आणि भोक ठोकळ्याच्या दुसऱ्याच अंगाला जाऊन बसे! नव्या आवृत्तीत पृष्ठाची ओळख ते कोणत्या पायरीतून जन्मले यावरून ठेवण्याची तजवीज केली आहे, त्यामुळे हा त्रास पुष्कळच कमी झाला. क्रमांकापेक्षा कुळावरून ओळखणे ही कल्पना हस्तलिखितांची वंशावळ मांडणाऱ्यांना परकी वाटणार नाही.

तिसरी मला सर्वांत जवळची. एप्रिल २०२३ मध्ये सीमेन्स आणि मायक्रोसॉफ्ट यांनी जाहीर केले की, यंत्रावरच्या कामगाराने आपल्या भाषेत बोलून दोष सांगावा, सॉफ्टवेअरने त्याचा सारांश काढून कंपनीच्या भाषेत उतरवावा आणि टीमसेंटरमधून तो योग्य अभियंत्याकडे पाठवावा, अशी सोय ते करीत आहेत. आजवर दोष कळवणे हे इंग्रजी फॉर्म भरता येणाऱ्यांचेच काम होते.

यातून जनरल मोटर्ससारखे प्रकरण टळेल काय? माझे मत असे की, निम्मे टळेल. कोणी, केव्हा, काय बदलले हे लपवणे आता कठीण आहे. पण ‘जुना व नवा भाग परस्परांच्या जागी चालतो काय?’ या रकान्यात ‘होय’ लिहिणारा माणूसच असतो, आणि नव्या नंबराची दगदग टाळावी असे त्याला आजही वाटू शकते. शिवाय हे सारे बड्यांच्या घरात. सीमेन्स, पीटीसी व दासो या तिघांच्याही सॉफ्टवेअरचे पुष्कळसे काम पुण्यात चालते. तेथून भोसरी काही कोस दूर नाही. तरी मामांच्याकडे ड्रॉइंग येते ते मोबाइलवर, कधी ईमेलने, आणि त्यावरचे अक्षर ताजे आहे की नाही हे फोन करूनच विचारावे लागते.

आणि कामगाराच्या बोलीचे काय? मामांच्या कारखान्यातले टर्नर तुकारामकाका शाफ्ट जास्त घट्ट असला की ‘चावतोय’ म्हणतात, ढिला असला की ‘खेळ आहे’ म्हणतात, आणि मापात असूनही मनास येत नसेल तर नुसते ‘बसला, पण राजी नाही’ म्हणतात. पहिल्या दोहोंचे भाषांतर संगणक करील. तिसऱ्याचा अर्थ मी काकांना विचारला, तेव्हा त्यांनी उत्तर न देता तो जॉब माझ्या हातात दिला आणि फिरवून पाहावयास सांगितले. असे शब्द मी एका वहीत उतरवून घेत आहे; आतापर्यंत साठ-सत्तर जमले आहेत.