संग्रामदुर्गाचा बुरूज कागदावर काळा का पडतो?

1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेला जवळपास दोन महिने थोपवून धरलं, तो चाकणचा भुईकोट म्हणजे संग्रामदुर्ग. त्याच्या काळ्या दगडाचा कृष्णधवल फोटो पडद्यावर सुरेख दिसतो. दगडांच्या सांधी आणि खंदकातली सावली वेगवेगळ्या ओळखू येतात. इंकजेटवर छापला की सगळं मिळून एकच काळा ठिपका होतो.

'मॉनिटर कॅलिब्रेट कर' हा ठरलेला सल्ला. तो जरूर करावा, पण त्याने पडदा सुधारतो, प्रिंटर नाही. शाई कागदावर पसरते, ठिपके एकमेकांत मिसळतात आणि 50 टक्के करडा मागितला तर बहुधा त्याहून गडद उतरतो.

मग फोटोच उजळ करायचा? हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. चाकण एमआयडीसीतल्या सीएनसी ऑपरेटरला विचारा: जॉबचं माप चुकलं म्हणून तो ड्रॉइंग खोडत नाही, मशिनला ऑफसेट देतो. लिनिअरायझेशन म्हणजे प्रिंटरला दिलेला ऑफसेटच. 0 ते 100 टक्के, दर 5 टक्क्यांना एक, अशा 21 करड्या चौकटींची पट्टी छापायची, दिवसभर वाळू द्यायची आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरने प्रत्येकीची उजळता मोजायची. समजा, मॅट कागदाचा पांढरा 97 आणि सर्वांत गडद काळा 17 भरला. मधलं अंतर 80, पायऱ्या 20. म्हणजे प्रत्येक पायरी 4 ची आणि मधली चौकट 57 ची हवी. ती 48 भरली, तर क्वाडटोनरिपसारखं सॉफ्टवेअर तिथली शाई कमी करतं. मूळ फोटोला हातही लागत नाही.

'आता प्रिंट हुबेहूब पडद्यासारखा येईल' हेही खरं नाही. 17 च्या खालचा काळा त्या कागदावर मिळणारच नाही. ग्लॉसी कागद बराच खोल जातो. शाईच्या या दुरुस्त्यांचा आलेख, म्हणजे कर्व्ह, फक्त एवढी हमी देतो की मिळणाऱ्या काळ्या-पांढऱ्यात पायऱ्या समान पडतील आणि एकही गिळली जाणार नाही. बुरुजाच्या सांधी त्या पायऱ्यांतच असतात.

एकदा केलेला कर्व्ह कायमचाही नसतो. कागद किंवा शाई बदलली की पट्टी पुन्हा छापावी, आणि त्याआधी नोझल चेक घ्यावाच. एखादं नोझल चोंदलेलं असताना मोजलं, तर तो दोष कर्व्हमध्ये मुरतो आणि नोझल साफ झाल्यावर चांगले प्रिंटही बिघडवतो.