मासिक घरी कसे येते?

उर्दूत आपण ज्याला ‘माहनामा’ म्हणतो, त्याला मराठीत ‘मासिक’ म्हणतात. ‘माह’ म्हणजे महिना आणि ‘मास’ म्हणजेही महिना. तसेच ‘हफ्त’ म्हणजे सात आणि ‘सप्त’ म्हणजेही सात. दर सात दिवसांनी निघते, ते साप्ताहिक.

आपले पुणे शहर अशा अंकांचे जुने केंद्र आहे. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी मुंबईत सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक आता पुण्यातून निघते. तुमची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या ‘बालभारती’ने १९७१ साली ‘किशोर’ हे मुलांचे मासिक सुरू केले.

अंक वाचकापर्यंत जाण्याच्या जुन्या वाटा दोन. पहिली वाट विक्रेत्याची. तो विकलेल्या अंकांवर कमिशन घेतो आणि उरलेले अंक बहुधा परत करतो. दुसरी वाट वर्गणीची. वर्गणीदार वर्षाचे पैसे आधीच भरतो व अंक टपालाने येतो. त्यामुळे किती प्रती छापाव्यात, कागद किती आणावा, हे संपादकांना अगोदर कळते.

आता तिसरी वाट आली आहे. ती म्हणजे ऑनलाइन दुकान. अमेरिकेत १९९५ साली ‘ॲमेझॉन’ने आणि बंगळूरमध्ये २००७ साली ‘फ्लिपकार्ट’ने पुस्तके विकूनच सुरुवात केली. आज तेथे जवळजवळ सर्व काही मिळते. अप्पा बळवंत चौकापर्यंत येऊ न शकणाऱ्या खेड्यातील वाचकाला ही मोठीच सोय आहे.

पण विचार करा, सगळा बाजार एकदोन दुकानांच्याच हाती गेला तर? कोणती वस्तू आधी दाखवायची आणि किती कमिशन घ्यायचे, हे तेच ठरवतील. लहान मासिक मागे पडेल. असे होऊ नये, म्हणून आपल्या देशात २००२ चा स्पर्धा कायदा आहे. याच कायद्याखाली २०२० साली या दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश निघाला.

‘किशोर’चे जुने अंक आज मोबाइलवरही वाचता येतात. म्हणजे कागद जाऊन पडदा येईलही. पण लेखक, चित्रकार आणि संपादक यांचे कष्ट तेच राहतील. त्यांचा खरा आधार दुकान नव्हे, वर्गणीदार आहे. म्हणून तुमच्या वर्गाने मिळून एक मराठी आणि एक उर्दू मासिक लावावे. अंक हातोहात फिरेल, आणि एका वर्गणीत सारा वर्ग वाचक होईल.