काचेच्या गोष्टी – भाग ५ : शेंदूर खाल्लेली काच

गुलालानं माखलेल्या जोतिबाच्या डोंगरावर काच म्हटलं की कासाराच्या दुकानातल्या बांगड्याच आठवतात. तरीही आजच्या भागाची वाट तिथूनच निघते. ह्या डोंगरावरचं, म्हणजे वाडी रत्नागिरीवरचं, आजचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं. जोतिबा हे शिंद्यांचं कुलदैवत. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या ह्या घराण्यानं पुढे ग्वाल्हेरला गादी मांडली आणि १८७४ साली जयाजीरावांनी तिथे जयविलास महाल उभारला. देवाला काळा पाषाण, स्वतःला लखलखती काच!

महालाच्या दरबारातली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छताला एवढा भार पेलेल का, हे बघायला आधी हत्ती वर चढवले होते, असं सांगतात. जिन्याच्या कठड्याचे खांब क्रिस्टलचे. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून चांदीची छोटी आगगाडी काचेच्या सुरया घेऊन फिरायची. पाहुण्यानं सुरई उचलली की गाडी जागच्या जागी थांबायची. थाट म्हणतात तो हा.

झुंबराला असं वजन यायला काच नुसती भरपूर असून भागत नाही, ती मुळातच जड असावी लागते. हा जडपणा शिशाचा. ‘क्रिस्टल’ हे नाव तर चक्क खोटं आहे. स्फटिकात अणू ओळीनं बसलेले असतात, काचेत त्यांची अशी शिस्त नसते. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनं १६७४ मध्ये स्फटिकासारख्या काचेचं पेटंट घेतलं खरं, पण त्याच्या सुरुवातीच्या भांड्यांवर बारीक भेगांचं जाळं पसरे आणि ती आंधळी होत. मग मिश्रणात शिशाचं ऑक्साइड पडलं आणि काच सुधारली. हे शिसं घालायची रूढ रीत म्हणजे एक तांबडी भुकटी. ती आपल्या ओळखीची आहे : शेंदूर. पिढ्यान्‌पिढ्या मारुतीला फासत आले तोच! भट्टीत तापला की शेंदूर ऑक्सिजन सोडतो, त्यामुळे शिशाचा पुन्हा धातू होत नाही आणि काच काळी पडत नाही. युरोपच्या नियमानुसार ‘लेड क्रिस्टल’ म्हणवून घ्यायला असं ऑक्साइड किमान २४ टक्के लागतं.

शिशानं काच जड होते, प्रकाश जास्त वाकवते, त्याचे रंग जास्त फाकवते. शिवाय ती मऊ होते, आणि कारागिराला हवं असतं तेच. फुंकून घडवलेली फुलदाणी आधी हळूहळू निववतात. घाई केली तर ती आतल्या ताणानं तडकते. मग तिच्यावर नक्षीच्या रेषा आखायच्या. फिरत्या लोखंडी चाकावर ओल्या वाळूची धार सोडून खोल खाचा पाडायच्या, दगडी चाकावर त्या गुळगुळीत करायच्या, शेवटी लाकडाच्या किंवा बुचाच्या चाकावर झिलई. कारागीर फुलदाणी वरून चाकावर दाबतो, म्हणजे कापली जाणारी बाजू त्याच्या नजरेआडच. आरपार काचेतून बघत, हाताच्या अंदाजानं काम चालतं. पुढे झिलईसाठी आम्ल आलं. काम झटपट होऊ लागलं, पण खाचांची धार किंचित बोथटली.

ही धारच जुन्या बाजारात कामी येते. मी एकदा हाताला जड लागली म्हणून मोहानं ‘कट ग्लास’ समजून एक फुलदाणी घेतली आणि घरी आल्यावर कडेनं उतरणारी साच्याची शिवण दिसली. साच्यात दाबलेली काच! तेव्हापासून आधी बोट फिरवतो. नक्षीच्या कडा बोटाला टोचल्या पाहिजेत. मग टिचकी : शिशाची काच घंटेसारखी घुमते, मात्र जाड बुडाची फुलदाणी अस्सल असूनही गप्प राहू शकते. बुडाखाली वापराचे बारीक ओरखडे असले तर चांगलंच. फुलं खुशाल ठेवा, पण शिशाच्या सुरईत सरबत किंवा मद्य साठवू नका; शिसं त्यात उतरतं.

पुढच्या आठवड्यात कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला जाऊ. तिथल्या काचेत शेंदूर नव्हता, पण तिनं घराघरातला प्रभाकर कंदील उजळला.