डोळा फसतो, कान फसत नाही

वेबसाइट बनवणाऱ्या माणसाची वेळेची कल्पना सैल असते. बटण दाबल्यावर पान अर्ध्या सेकंदात उघडलं की ग्राहक खूश, साहेब खूश, आणि आपण चहाला जायला मोकळे. पुण्यातल्या एका कंपनीत दिवसभर मी असलंच काम करतो आणि रात्री घरी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचे, म्हणजे व्हीआरचे, प्रोग्रॅम लिहीत बसतो. तिथे अर्धा सेकंद म्हणजे युग. मान वळवल्यापासून डोळ्यांसमोरचं चित्र बदलेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांहून, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून, जास्त वेळ गेला की गडबड सुरू होते. ही गडबड पडद्यावर दिसत नाही, पोटात कळते.

व्हीआर म्हणजे चित्रांची करामत, असा सर्वसाधारण समज आहे. पण चित्रांची बाजू फार जुनी. दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रं दाखवली की मेंदूला खोलीचा आभास होतो, हे चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्येच आपल्या स्टिरिओस्कोपने दाखवून दिलं होतं. खरी नवलाई घडली ती १९६८ मध्ये. आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर चढवायचं असं यंत्र केलं, की मान वळेल तसं त्यातलं चित्रही बदलेल. मान किती वळली हे मोजण्यासाठी छतापासून एक यांत्रिक दांडा खाली आणून त्या यंत्राला जोडला होता. या लटकत्या प्रकरणाला पुढे ‘डॅमोक्लिसची तलवार’ हे नाव चिकटलं. दिसायच्या त्या नुसत्या उजळ रेघा. पण पाहणारा वळला तरी रेघा आपापल्या जागी राहायच्या. माझ्या मते व्हीआर सुरू झालं ते इथून.

मग स्मार्टफोन आले, आणि त्यांच्यामुळे छोटे दाट पडदे आणि वळण मोजणारे जायरोस्कोप स्वस्त झाले. २०१२ मध्ये पामर लकी या तरुणाने ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर २.५ लाख डॉलर मागितले. जमले २४ लाखांहून जास्त. डेव्हलपरांसाठीचा पहिला संच, डीके-१, २०१३ मध्ये आला. एका डोळ्याच्या वाट्याला ६४० बाय ८०० पिक्सेल. मित्राने अमेरिकेहून आणलेला तो डबा डोळ्यांवर चढवला तेव्हा सगळं जग मच्छरदाणीतून पाहावं तसं दिसलं. तरीही टस्कनीतल्या बंगल्याच्या त्या प्रसिद्ध डेमोत मान वर केली आणि छत खरोखर वर होतं! मग एक वस्तू नीट बघायला पुढे वाकलो, तर अख्खं घर माझ्याबरोबर पुढे सरकलं. डीके-१ला मान कुठे वळली एवढंच कळायचं. डोकं पुढे आलं की मागे गेलं, याचा पत्ता नसायचा. तेवढ्या वाकण्यानेही पोटात ढवळलं.

असं का होतं, ते एखाद्या छापील कागदावरच करून बघा. कागद स्थिर धरा आणि वाचता वाचता मान भराभर डावीउजवीकडे हलवा. अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवा आणि कागद तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरं पुसली जातात. पहिल्या वेळी डोळे सांभाळून घेतो तो कान. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. मान वळली की नलिका वळतात, द्रव थोडा मागे राहतो, आणि त्यावरून मेंदूला वळण्याची दिशा आणि वेग कळतो. डोळ्यांना लगेच उलट दिशेने फिरण्याचा हुकूम जातो. हे सगळं सुमारे १० मिलिसेकंदांत. म्हणजे हेडसेटने नवं चित्र दाखवायच्या आधीच डोळे आपल्या अंदाजाने फिरलेले असतात. त्या जागी चित्र नसेल तर जग डगमगतं.

हा उशीर किती चालतो, ते बघण्यासाठी मी युनिटी या गेम-इंजिनात एक खोडसाळ प्रयोग केला. मानेची प्रत्येक नोंद रांगेत साठवायची आणि कॅमेऱ्याला ताजी न देता थोडी शिळी द्यायची. किती शिळी, ते कंट्रोलरच्या बटणाने ठरवायचं. हेडसेटचा मूळचा उशीर असतोच, त्यात ही माझी भर. दहाएक मिलिसेकंदांनी काही कळलं नाही. पन्नासच्या आसपास खोलीच्या भिंती मानेमागून येऊ लागल्या, अगदी किंचित. बघणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण तो मान हळू वळवायला लागतो. शंभराच्या पुढे मी स्वतःच हेडसेट काढून पंख्याखाली बसलो. डोळे म्हणतात एक, कान म्हणतो दुसरं. आणि या भांडणात मेंदू बहुधा पोटाला मध्ये घालतो.

मग आजचे हेडसेट हे साधतात कसं? थोडी ज्योतिषगिरी करून. जायरोस्कोप सेकंदाला सुमारे हजार वेळा वळणाची नोंद देतो. त्यावरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं की चित्र पडद्यावर उमटेल त्या क्षणी मान कुठे असेल, आणि चित्र त्या भविष्यातल्या मानेसाठी काढतं. तरी चूक उरतेच. म्हणून तयार चित्र पडद्यावर जाण्याच्या ऐन वेळी मानेची नोंद पुन्हा घेतात आणि चित्र तेवढं सरकवतात. या युक्तीला टाइमवॉर्प म्हणतात. ती मला फार आवडते, कारण तिच्यात फुशारकी नाही: चित्र नव्याने काढायला वेळ नाही, तर निदान जुनं नीट लावा.

प्रोग्रॅमरच्या अंगाशी येतो तो वेळेचा हिशोब. सेकंदाला ७२ चित्रं दाखवणाऱ्या हेडसेटमध्ये एका चित्राला १३.९ मिलिसेकंद मिळतात, ९० चित्रांच्या हेडसेटमध्ये ११.१. तेवढ्यात दोन्ही डोळ्यांची चित्रं, वस्तूंच्या हालचाली, आवाज, सगळं उरकायचं. आणि तेही कपाळाला बांधलेल्या, मोबाइलच्या जातीच्या चिपवर. वेबच्या कामात आपण मेमरी सढळ हाताने वापरतो, वापरून झालेल्या मेमरीचा कचरा मागाहून भाषा स्वतःच गोळा करते. युनिटीत वापरतात त्या सी-शार्प भाषेतही तेच. पण प्रत्येक चित्रागणिक गुण दाखवायला एक नवी अक्षरमाळ तयार केली की कचरा साठत जातो, आणि झाडू फिरतो त्या क्षणी वेळ मोजणाऱ्या प्रोफायलरच्या आलेखात एक सुळका वर येतो. एखाददुसरं चित्र हुकतं. वेबसाइटवर याची कोणी दखलही घेणार नाही. इथे वापरणारा विचारतो, “आत्ता काय हललं?”

हिशोब जमला, की मात्र शरीर विलक्षण भोळं होतं. मी जुन्या वाड्यासारखा एक वाडा रचला होता: चौक, ओसरी, अरुंद जिना, वर सज्जा. बाबांना हेडसेट घालून थेट सज्ज्याच्या काठावर उभं केलं. मुद्दाम कठडा ठेवला नव्हता.

“बाबा, एक पाऊल पुढे टाका ना. फरशीच आहे खाली.”

“फरशी आहे ते माहितीये रे मला,” ते म्हणाले. “पण नको.”

आणि दोन्ही हात बाजूला पसरून ते मागे सरकले. वाड्याचे खांब मी ठोकळ्यांचे केले होते, लाकडाचा पोत धड जमला नव्हता. त्यांना त्याचं काही नव्हतं. चित्र वेळेवर येत होतं, एवढं त्यांच्या पायांना पुरेसं होतं.

न सुटलेला प्रश्न चालण्याचा आहे. अंगठ्याने कंट्रोलरची कांडी पुढे ढकलून वाड्यात फिरलं की डोळे म्हणतात चाललो, कान म्हणतो उभा आहे. इथे उशीर शून्यावर आणला तरी उपयोग नाही. जिना तर सगळ्यात वाईट. म्हणून बहुतेक खेळांत माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी एकदम प्रकटतो. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की फिरताना नजरेच्या कडा हळूच काळ्या केल्या तर मळमळ कमी होते. ही युक्ती आता सर्रास वापरतात. पर्ड्यू विद्यापीठात २०१५ मध्ये चित्राच्या मधोमध चक्क एक नाक काढून पाहिलं गेलं. त्यानेही फरक पडला, आणि बहुतेकांना ते नाक दिसलंच नाही!

चालणं क्षणभर बाजूला ठेवून चाळिशी लागलेल्यांना एक दिलासा. पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असला तरी भिंगं त्याला साधारण दीड मीटरवर नेऊन ठेवतात, त्यामुळे जवळच्या चष्म्याची सहसा गरज लागत नाही. लांबचा चष्मा मात्र लागतो. आणि आभासी वस्तू नाकाजवळ आणली की तरुण डोळ्यांची जी ओढाताण होते (बुबुळं जवळ वळतात, पण फोकस दीड मीटरवरच ठेवावा लागतो) ती चाळिशीवाल्यांना फारशी जाणवत नाही. फोकस बदलायची सवय डोळ्यांनी आधीच सोडलेली असते.

चालण्यावर सगळ्यात चांगला उतारा म्हणजे खरंच चालणं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात २००१ मध्ये यासाठी एक सुंदर युक्ती मांडली गेली: माणूस चालत असताना जग अगदी थोडंथोडं फिरवत राहायचं. तो आपण सरळ चाललोय असं समजतो आणि प्रत्यक्षात गोल फिरत राहतो. म्हणजे मर्यादित जागेत अमर्याद वाडा! पुढच्या प्रयोगांत दिसलं, की हे लक्षात येऊ नये तर त्या गोलाची त्रिज्या किमान २२ मीटर हवी. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एवढी जागा नाही. समोरच्या मैदानात आहे. पण हेडसेटच्या भिंगात ऊन शिरलं तर ते एका बिंदूत गोळा होऊन पडदा जाळतं, आणि अंधारात हेडसेटच्या कॅमेऱ्यांना जमीन सापडत नाही. सध्या सूर्य बुडाल्यावर दिवे लागेपर्यंतची वेळ कशी जमते ते बघतोय. त्या वेळी मैदानात क्रिकेट चालू असतं, ही वेगळी अडचण.