बाळाची रात्रपाळी

रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला आपण जागतोच. पण हल्ली कित्येक घरांत सूनबाईंनाही रात्रपाळी पडते, ती बाळापायी. दिवसा त्या नोकरीवर, बाळ पाळणाघरात. आणि रात्री बाळ दर दोन तासांनी जागे! मग घरातूनच सूर निघतो, "नोकरी सोडून दे."

आम्हांस हे पटत नाही. दिवसा आई जवळ नसली की काही बाळे दूध कमी घेतात व ती कसर रात्री भरून काढतात. त्यात गलक्यामुळे दिवसाची झोप मोडते आणि अति दमलेले बाळ रात्री किरकिरते. चार महिने ते एक वर्षाच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप हवी.

म्हणून बाळाला आणताना बाईंना विचारावे, दूध किती घेतले, झोपले किती? झोप कमी झाली असेल तर त्या रात्री लवकर निजवावे. दिवा मंद, अंगावर पाजणे, अंगाई हा क्रम रोज तोच ठेवावा. बाळ उताणे निजवावे. तोंडापाशी उशी-गोधडी नको.

झोपेसाठी अफूची बाळागोळी मात्र कदापि देऊ नये. श्वास मंदावून बाळ दगावू शकते.

एवढे करूनही तान्हे बाळ रात्री एकदा-दोनदा उठणारच. पाण्याची पाळी आपण भाऊ-भाऊ वाटून घेतो ना? मग ही पाळीही बापाने, आजी-आजोबांनी वाटून घ्यायला काय हरकत आहे?