शुक्रवारपर्यंत म्हणजे नेमकं कधी?

हेडफोन लावलेत ना? गाडी चालवत असाल तर आधी बाजूला घ्या किंवा हा भाग घरी जाऊन ऐका, कारण आज मध्येमध्ये मी तुम्हाला वाक्यं म्हणायला लावणार आहे, आणि सिग्नलला एकटंच बडबडणारं माणूस बघून लोक काय समजतील ते तुम्हाला माहीत आहे.

आज बोलायचंय इंग्रजीतल्या अशा शब्दांबद्दल, जे आपण एकाच्या जागी दुसरा वापरतो. सुरुवात माझ्याच फजितीने करतो.

माझं शिक्षण बारावीपर्यंत गावात, मराठीत. पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा क्लायंट इंग्लंडमधला होता आणि माझं प्रोबेशन चालू होतं. एका बुधवारी तिकडून विचारणा आली, रिपोर्टचं कुठवर आलंय? मी मनात मराठीत वाक्य तयार केलं, ‘शुक्रवारपर्यंत करतो’, आणि मेलवर उतरवलं: ‘आय विल वर्क ऑन धिस टिल फ्रायडे.’ पाठवून चहा प्यायला गेलो. व्याकरण चोख, स्पेलिंग चोख. शब्दांखाली एकही लाल रेघ नाही.

शुक्रवारी दुपारी रिपोर्ट पूर्ण करून पाठवला. संध्याकाळी टीम लीडर मॅडम माझ्या जागेवर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “अरे, तू पेपर टाकलास का? मला न सांगता?” मला काही कळेना. झालं होतं असं की माझं वाक्य तिकडे ‘मी या कामावर शुक्रवारपर्यंतच आहे, नंतर नाही’ असं वाचलं गेलं. त्यांनी बिचाऱ्यांनी सोमवारपासून दुसऱ्या माणसाची सोय केली होती आणि माझ्याकडून हँडओव्हरचे कागद मागितले होते. प्रकरण निस्तरलं, पण माझ्या फाइलमध्ये ‘कम्युनिकेशन’ या रकान्यात शेरा पडला आणि प्रोबेशन तीन महिने लांबलं. तीन महिने कन्फर्मेशन नाही म्हणजे तीन महिने कमी पगार. एका ‘टिल’ची किंमत.

तर हवं होतं ‘बाय’. बी-वाय, बाय. ‘आय विल फिनिश धिस बाय फ्रायडे.’

आता ही चूक मी का केली? इंग्रजी कच्चं होतं म्हणून, असं मला तेव्हा वाटलं. पण नीट बघा. मराठीत ‘पर्यंत’ हा एकच शब्द दोन वेगळी कामं करतो. ‘मी शुक्रवारपर्यंत पुण्यात आहे.’ इथे एक गोष्ट सलग चालू आहे आणि शुक्रवारी थांबते. ‘मी शुक्रवारपर्यंत पैसे देतो.’ इथे काहीच सलग चालू नाहीये, एकदाच घडायचंय, आणि शुक्रवार ही शेवटची मुदत आहे. आपल्याला दोन्हीला ‘पर्यंत’ पुरतं, संदर्भावरून समोरच्याला कळतं. इंग्रजीत पहिल्याला ‘टिल’ किंवा ‘अनटिल’, दुसऱ्याला ‘बाय’. म्हणजे चूक आपली मराठी कमी पडल्यामुळे नाही आणि इंग्रजी येत नसल्यामुळेही नाही. आपल्याकडे एका खोलीत जे दोघं राहतात, त्यांना इंग्रजीत दोन खोल्या दिल्यात, एवढंच.

युक्ती सांगतो. मनातल्या मराठी वाक्यात ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘पाचच्या आत फाइल पाठवतो’ हे बरोबर वाटतंय ना? मग बाय. ‘पाचच्या आत ऑफिसात बसलोय’, हे काहीतरीच वाटतंय, मग टिल. आणि ‘बाय फ्रायडे’ म्हटल्यावर शुक्रवार त्यात धरला जातो. पण शुक्रवार सकाळ की रात्र यावरून वाद होतात, म्हणून मी आता वेळच लिहून टाकतो.

एक फाटा आहे इथे, तो सांगतो आणि पुढे जातो. वाक्यात नकार आला की टिल वेगळंच वागतं. ‘आय वोन्ट फिनिश टिल फ्रायडे’ याचा अर्थ ‘शुक्रवारशिवाय होणार नाही’, म्हणजे आधी नाही, शुक्रवारी होईल. इथे टिल अगदी बरोबर आहे. आधी मला ही पळवाट वाटायची, पण तसं नाही. ‘न होणं’ हेच इथे शुक्रवारपर्यंत सलग चालू आहे.

दुसरा असाच शब्द म्हणजे ‘पासून’. हा तर मुलाखतीतला हुकमी खड्डा. “टेल मी अबाउट युवरसेल्फ” झालं की आपण म्हणतो, “आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.” मनात काय असतं? ‘मी दोन वर्षांपासून इथे काम करतोय.’ शब्दाला शब्द लावला. पण इंग्रजीला इथे पुन्हा दोन खोल्या हव्यात. सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर सिन्स: सिन्स 2022, सिन्स मंडे, सिन्स धिस मॉर्निंग. किती काळ झाला ते सांगायचं असेल तर फॉर: फॉर टू इयर्स, फॉर टेन मिनिट्स.

कॅलेंडर किंवा घड्याळ डोळ्यासमोर आणा. ज्या जागेवर बोट ठेवता येतं तिथे सिन्स. बोटं मोडून मोजावं लागतं तिथे फॉर. ‘लहानपणापासून’? तारीख नाही, पण सुरुवातीचा टप्पा आहे, मोजमाप नाही. म्हणून सिन्स चाइल्डहुड. आणि ‘सिन्स लास्ट टू इयर्स’ हे जे आपण सर्रास बोलतो, तिथे ‘फॉर द लास्ट टू इयर्स’ हवं.

अजून एक गोष्ट याच वाक्यात. आपण ‘करतोय’ म्हणतो, चालू काळ. म्हणून ‘आय ॲम वर्किंग’ येतं तोंडात. इंग्रजीला मात्र मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीसाठी ‘हॅव बीन’ लागतं. म्हणून पूर्ण वाक्य: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.’ म्हणा बरं एकदा मोठ्याने. परत एकदा. तोंडाला सवय लागली पाहिजे. नियम पाठ असला तरी मुलाखतीत घाम फुटल्यावर तो कुणाला आठवतो?

आता गंमत ऐका. पुण्यात माझा एक मित्र मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकत होता. त्याने मला सांगितलं की जर्मनमध्ये ‘बिस’ नावाचा एक शब्द आहे आणि तो टिल आणि बाय दोन्हीचं काम करतो. ‘झाइट’ नावाचा शब्द आहे, तो सिन्स आणि फॉर दोन्हीचं. म्हणजे अगदी आपले ‘पर्यंत’ आणि ‘पासून’! आणि जर्मन माणसं इंग्रजी बोलताना बरोब्बर याच चुका करतात, ‘सिन्स टू इयर्स’ म्हणतात. हे कळल्यावर माझ्या मनावरचं केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू. मर्सिडीज बनवणारी माणसंही इथेच अडखळतात.

तोच मित्र पुढे म्हणाला, ‘उसने’चंही तसंच आहे. मराठीत ‘उसने दिले’ आणि ‘उसने घेतले’. पैसे कुठल्या दिशेने गेले ते ‘दिले’, ‘घेतले’ सांगतात, ‘उसने’ तोच राहतो. जर्मनमध्येही ‘लायेन’ हे एकच क्रियापद दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत मात्र दिशा शब्दाच्या पोटातच असते. बॉरो म्हणजे माझ्याकडे येतंय. लेंड म्हणजे माझ्याकडून जातंय. म्हणून ‘कॅन यू बॉरो मी फाइव्ह हंड्रेड रुपीज’ चुकतं. एकतर ‘कॅन यू लेंड मी’ म्हणा, नाहीतर ‘कॅन आय बॉरो’. मागायच्या वेळी आधीच अवघडल्यासारखं झालेलं असतं, त्यात शब्द चुकला की आणखी. मी एक वाक्य धरून ठेवलंय: बॉरो फ्रॉम, लेंड टू. कुणाकडून, कुणाला. लेंडचं भूतकाळी रूप लेंट, ‘लेंडेड’ नाही.

आणि आता इंग्रजीची फजिती. ‘भाड्याने दिलं’ आणि ‘भाड्याने घेतलं’ या दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द आहे: रेंट! ‘आय रेंटेड अ फ्लॅट’, म्हणजे हा घरमालक की भाडेकरू? नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही. ब्रिटिश इंग्रजीत देण्याच्या बाजूला ‘लेट’ वापरतात, आणि तोच लेट आपल्या सोसायट्यांच्या गेटवर ‘टू लेट’ म्हणून लटकलेला असतो. मी लहानपणी समजायचो की या घराला काहीतरी उशीर झालाय.

इंग्रजीचं ‘वी’ बघा. ‘आम्ही महाबळेश्वरला चाललोय’ आणि ‘आपण महाबळेश्वरला चाललोय’ यात केवढा फरक! एकात तुम्ही बॅग भरायची असते, दुसऱ्यात फोटोला लाइक करायचं असतं. इंग्रजीत दोन्हींना ‘वी आर गोइंग’. म्हणजे इथे खोल्या आपल्याकडे जास्त आहेत आणि मराठी शिकणारा इंग्रज अडखळतो.

बरं, आता एक वेगळ्या जातीची चूक. नर्सिंग शिकणाऱ्या एका श्रोतीने लातूरहून व्हॉइस नोट पाठवली होती. ती ओईटीची तयारी करतेय. ही आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, त्यात पेशंटबद्दल पत्र लिहावं लागतं. तिने सरावाच्या पत्रात लिहिलं की पेशंटचं वजन कमी होतंय, आणि सरांनी लाल गोल केला. ‘लूज’ लिहिताना दोन ओ घातले होते. ती विचारत होती, दादा, दोन्ही तर सारखंच बोलतात ना?

नाही, आणि इथेच मेख आहे. एक ओ, एल-ओ-एस-ई, म्हणजे हरवणं, गमावणं, हरणं. उच्चार ‘लूज’, शेवटचा ज आपल्या ‘जरा’मधला. ‘जीव’मधला नव्हे. दोन ओ, एल-ओ-ओ-एस-ई, म्हणजे सैल, सुटं. उच्चार ‘लूस’, शेवटी चक्क स. पण आपण किराणा दुकानात लहानपणापासून काय ऐकतो? लूज तेल, लूज चहा पावडर. पोट बिघडलं की लूज मोशन. म्हणजे दोन ओच्या शब्दाला आपण एक ओचा उच्चार चिकटवलाय, तोही देवनागरीत लिहून पक्का केलाय. मग कानाला दोन्ही सारखेच लागणार, आणि लिहिताना हात कुठलाही उचलणार. दुकानदाराला ‘लूस चहा पावडर द्या’ म्हणायला मी सांगत नाहीये, तो बघतच राहील. मराठीत लूज म्हणा खुशाल. इंग्रजी वाक्यात मात्र स.

लक्षात ठेवायला सोपं: हरवण्याच्या शब्दातला एक ओ हरवलाय. पण यावरून ‘दोन ओ म्हणजे नेहमी स’ असा नियम करू नका, कारण निवडणं या अर्थाच्या ‘चूज’ला दोन ओ आहेत आणि शेवटी ज. इंग्रजी स्पेलिंगच्या नादी फार लागण्यात अर्थ नाही. आणि हो, प्रेमात पडलेल्यांनो, ‘आय डोन्ट वॉन्ट टू लूज यू’ टाइप करताना ओ मोजा. दोन ओचा शब्द क्रियापद म्हणून वापरला तर अर्थ होतो मोकळं सोडणं. ‘मला तुला मोकाट सोडायचं नाहीये’ असा मेसेज गेला तर उत्तर काय येईल त्याची जबाबदारी माझी नाही.

स आणि ज चा हाच खेळ ‘ॲडव्हाइस’मध्ये आहे. सल्ला म्हणजे ॲडव्हाइस, सी-ई, शेवटी स. सल्ला देणं म्हणजे ॲडव्हाइज, एस-ई, शेवटी ज. आणि सल्ले कितीही मिळोत, इंग्रजीत ‘ॲडव्हाइसेस’ होत नाही. बाकी ‘आय-टी-एस’मध्ये टिंब वर द्यायचं की नाही, ‘देअर’ कुठला, ‘युवर’ कुठला, यावर बोलत बसत नाही, ती लिहिण्यातली घाई आहे आणि इंग्रजांची मुलंसुद्धा तिथे चुकतात.

‘डाउट’वर मात्र मिनिटभर. क्लासमध्ये ‘शंका असेल तर विचारा’, म्हणून ‘सर, आय हॅव अ डाउट’. भारतात हे सगळ्यांना कळतं आणि मी याला चूक म्हणणार नाही. ‘प्रीपोन’ही आपलंच, आणि ते ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसलंय. पण परदेशी माणसासमोर ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर रिपोर्ट’ म्हणालात तर त्याला वाटेल तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. आपल्या ‘शंका’मध्ये प्रश्नही आहे आणि संशयही, तिकडे डाउटमध्ये मुख्यतः संशयच. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणा.

लातूरच्या त्या ताईला मी वजनाचं वाक्य दुरुस्त करून पाठवलं. तिचं उत्तर आलं, इंग्रजीत: ‘आय विल सेंड यू माय नेक्स्ट लेटर बाय संडे.’ बाय! मी न सांगता! रविवारी रात्री साडेअकराला पत्र आलंसुद्धा.

आज एवढंच. पुढच्या भागात ‘येणं’ आणि ‘जाणं’ घेऊ. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो ना, त्याचं ‘आय ॲम कमिंग’ करून फोन ठेवलात तर समोरचा दार उघडून वाट बघत बसेल. चला, येतो.