एक प्रत दुसऱ्या गावी

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि आमच्या औसा तालुक्यातील किल्लारी व भोवतालच्या गावांतील दगडमातीची घरे कोसळली. हजारो माणसे दगावली. माझी मावशी गेली, तिच्या लग्नाचा अल्बमही गेला. आज तिचा एकच फोटो उरला आहे, कारण त्याची प्रत तिने औशाला आजीकडे दिली होती.

२००६ साली मुलीच्या बारशाचे फोटो सीडीवर उतरवून मी निर्धास्त झालो. दहा वर्षांनी ती सीडी उघडेना. सीडीवरचा थर काळाने खराब होतो, हार्ड डिस्कचे फिरते भाग झिजतात, मोबाइल तर हरवतोच. कायम टिकेल असे साधन एकही नाही.

म्हणून जाणकार तीन-दोन-एकचा नियम सांगतात. प्रती तीन, साधने दोन प्रकारची आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. मूळ फोटो मोबाइलमध्ये, दुसरी प्रत हार्ड डिस्कवर, तिसरी इंटरनेटवरच्या साठवणीत किंवा परगावच्या नातेवाइकाकडे. मात्र एक ध्यानात ठेवा. मोबाइलशी आपोआप जुळणाऱ्या साठवणीत इकडे पुसलेला फोटो तिकडूनही पुसला जाऊ शकतो. आणि वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून पाहा. न उघडलेली प्रत भरवशाची नव्हे.

माझ्या दोन डिस्क आहेत. दर दिवाळीला एक पुण्याला बहिणीकडे जाते, तिथली परत येते. मावशीचा फोटो आता दोन्हींवर आहे.